अंधाराचा फायदा घेऊन

"ते चुकत नाही हो, ते आमच्यासारखं लिहितं."

हिलाल सैंदाणे हे वाक्य एकदा बोलला होता, आणि बोलताना त्याच्या तोंडावर कौतुक होतं. नवं काम लागून आठवडा झाला असेल. शेजारच्या टेबलावरच्या नौशीनने विचारलं होतं, नाना, या मशीनवर तुमचा एवढा विश्वास कसा? त्यावरचं हे उत्तर. पुढे हेच वाक्य त्याच्याकडे परत आलं तेव्हा शब्द तेच होते, कौतुक तेवढं गळून पडलं होतं.

खोली जळगावात, दाणा बाजाराच्या मागे, सोहनलालशेटच्या डाळीच्या गोदामावर होती. शेटचा नातू मनन पुण्याहून शिकून आला आणि त्याने पोलिसांचे मसुदे तपासायचं हे कंत्राट घेतलं. खाली हरभऱ्याची पोती उतरायची आणि त्यांची पिवळी धूळ जिन्याने वर यायची. कॉम्प्युटरच्या पडद्यांवर ती बसे. सकाळी आल्यावर हिलालचं पहिलं काम म्हणजे ओल्या फडक्याने पडदा पुसणं.

आजूबाजूच्या काही पोलीस ठाण्यांत आता फिर्याद हाताने लिहीत नव्हते. फिर्याद द्यायला आलेला माणूस टेबलापुढे बसून यंत्रासमोर बोलायचा. यंत्र ते ऐकून पोलिसी मराठीत मसुदा तयार करायचं. मसुदा या खोलीत यायचा, इथल्या माणसांनी तो वाचून दुरुस्त करायचा, परत पाठवायचा. मग ठाण्यात तो छापून फिर्यादीला वाचून दाखवला जायचा आणि खाली सही किंवा अंगठा घेतला जायचा. अंगठ्याच्या वर एक ठरलेली ओळ असे: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

ही ओळ हिलालने आयुष्यात किती वेळा लिहिली असेल याला हिशेब नाही. तो पोलिसात होता, पण गुन्हेगाराच्या मागे धावणारा नव्हता. तो रायटर होता, म्हणजे ठाण्यात बसून लिहिणारा. धुळे जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांत त्याची उमर गेली. अधिकारी बदलले, टेबलं बदलली, अक्षर तेच राहिलं. निवृत्त झाल्यावर मोठ्या भावाच्या ओळखीने जळगावात घर घेतलं आणि तिथे त्याला घरात बसवेना.

जन्म पिंपळनेरच्या बाजूच्या खेड्यातला. घरात अहिराणी. आई त्याला शेवटपर्यंत 'मना आंडोर' म्हणायची, माझा पोरगा. भरती झाल्यावर प्रशिक्षणात एक उस्ताद होता. रिपोर्ट देताना हिलालच्या तोंडून 'हाजर शे' निघालं की उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. म्हणायचा, "शे नाही, आहे. शे तुझ्या म्हशीला सांग." बाकीची पोरं हसायची, आणि तीही बहुतेक 'शे' म्हणणाऱ्या घरांतलीच होती. पायांतून ती बोली निघून गेली असं हिलाल पुढे गमतीने सांगायचा. बायकोशी तो मराठीत बोलायचा. मुलगी झाली तिला 'बेटा' म्हणायचा. आई गेल्यावर तर घरात अहिराणी बोलायला कोणी उरलंच नाही.

ठाण्यात मात्र माणसं अहिराणीतच रडायची. बाई यायची, पदर तोंडाला लावून बोलत सुटायची, आणि हिलाल मान खाली घालून लिहायचा. ती म्हणायची, त्या मेल्याने माझी कंबर मोडली हो. तो लिहायचा, 'सदर इसमाने लाथाबुक्क्यांनी मारहाण करून दुखापत केली.' भांडण कुठलंही असो, त्याच्या कागदावर एकच वाक्य असे: 'एकमेकांत बाचाबाची होऊन तिचे पर्यवसान हाणामारीत झाले.' कागदावर कोणी काही करत नसे. सगळं झालेलं असे, दिसून आलेलं असे. पोलिसाच्या काठीने कोणाचं डोकं फुटलं तरी 'झटापटीत किरकोळ इजा झाल्याचे दिसून येते.'

आणि चोर. चोर त्याच्या कागदावरून नेहमी अंधाराचा फायदा घेऊन पसार होत असे. एकदा बाजारपेठेतल्या दिव्याखालून मोटारसायकल गेली. नवीन आलेल्या फौजदाराने विचारलं, यात अंधार कुठून आला? हिलाल शांतपणे म्हणाला की साहेब, अंधार लिहिला की आपल्यालाच बरं. चोर का दिसला नाही, का सापडला नाही, याचं कारण कागदावर आयतं राहतं. फौजदार हसला आणि त्याने सही केली. पुढे तोही तसंच लिहू लागला.

यंत्राला हे सगळं शिकवलेलं होतं. मननने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या भागातल्या जुन्या फिर्यादींचे गठ्ठेच्या गठ्ठे त्याला वाचायला दिले आहेत, तेव्हा त्याची भाषा तुम्हाला परकी वाटणार नाही. परकी कसली? दुसऱ्याच दिवशी पडद्यावर आलं, 'तिचे पर्यवसान हाणामारीत झाले,' आणि हिलाल खुर्चीत मागे रेलून हसला. आपण मेल्यावरही आपलं अक्षर कोणीतरी गिरवत बसणार, असं काहीसं त्याला वाटलं असावं. त्यातूनच ते वाक्य आलं: ते आमच्यासारखं लिहितं.

प्रत्येक मसुद्याबरोबर फिर्यादीच्या आवाजाची ध्वनिफीतही येत असे. शंका आली तर हेडफोन लावून ऐकायची. नौशीन धुळ्याची होती, घरात उर्दू, शाळा मराठी. अहिराणी तिला अर्धीमुर्धी कळे. ती बिचारी बरंच ऐकायची आणि मागे पडायची. हिलालचा हेडफोन खिळ्याला टांगलेला असे. तिने टोकलं तर म्हणायचा, मला आवाज कशाला? कागद स्वतःच बोलतो.

धुरपदाबाईचा मसुदा अशाच एका दिवशी आला. उन्हाळ्याची सुरुवात होती. खाली गोदामात हमालांचं हप्प्या-हप्प्या चाललं होतं. ठाणं तालुक्याचं, गाव त्याहून आत. मजकूर थोडा होता:

'मी दुपारी घरी असताना माझा जावई व त्याचा भाऊ असे चारचाकी वाहनातून आले. एकमेकांत बाचाबाची होऊन तिचे पर्यवसान हाणामारीत झाले. त्यांनी मला मारहाण करून ओढाताण केली व अंधाराचा फायदा घेऊन वाहनासह निघून गेले.'

सासू-जावयाचं भांडण. असली भांडणं त्याने पोत्याने लिहिली होती. तो पुढे सरकणार तोच त्याची नजर अडली. दुपारी, आणि अंधाराचा फायदा?

या दोन शब्दांतला एक चुकीचा होता, हे त्याला लगेच कळलं. त्याचं तेच तर काम होतं. आता कोणता? अंधाराच्या वाक्याकडे त्याने पाहिलं. ते त्याचंच वाक्य होतं, हातातल्या काठीसारखं वापरून गुळगुळीत झालेलं. ओळखीच्या माणसावर कोणी संशय घेत नाही. 'दुपारी' हा शब्द मात्र तिथे एकटाच, उपऱ्यासारखा उभा होता. त्याने तो काढला आणि लिहिलं, 'सायंकाळी सात वाजेच्या सुमारास.' आता वाक्याला वाक्य जुळलं.

तो खूश झाला. नौशीनला म्हणाला, "बघ, याला घड्याळ कळत नाही. दुपारी कसला अंधार?"

"ग्रहण असेल, नाना," ती मान वर न करता म्हणाली.

तो हसला आणि मसुदा पाठवून दिला.

धुरपदाबाईने यंत्रापुढे काय सांगितलं होतं ते नंतर सगळ्यांना कळलं. तिची एकुलती एक मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून सुरतेहून माहेरी आली होती. दोन महिने आईजवळ होती. त्या दिवशी भर दुपारी जावई आणि त्याचा भाऊ गाडी घेऊन आले. गल्लीतली माणसं कामावर गेलेली. त्यांनी मुलीला केस धरून ओढलं, आई मध्ये पडली तर तिला ढकललं, आणि मुलीला गाडीत कोंबून घेऊन गेले. धुरपदाबाई तशीच, कपाळावर रक्त, मिळेल त्या वाहनाने ठाण्यात आली. आणि यंत्रापुढे बसून म्हणाली, "मनी आंडेरले लई ग्यात."

माझ्या मुलीला घेऊन गेले.

आंडेर म्हणजे मुलगी. यंत्राला हा शब्द माहीत नव्हता. त्याने वाचलेल्या हजारो फिर्यादींत तो कुठेच नव्हता, कारण हिलालसारख्या माणसांनी तो कागदावर कधी येऊच दिला नव्हता. बाया आंडेर म्हणायच्या, हे मुलगी लिहायचे. यंत्राने तो आवाज ऐकला, आपल्या साठ्यातला जवळचा शब्द शोधला, आणि कोणीतरी काहीतरी घेऊन निघून गेलं म्हणजे तिथे काय यायचं हे त्याला हजार कागदांनी शिकवलं होतं. आंडेर ले लई ग्यात. अंधाराचा फायदा घेऊन गेले. पुढे बाई 'तिले मारं, तिले वढं' म्हणाली, पण ती कोण हे यंत्राला कळेना, म्हणून त्याने तिच्या जागी 'मला' घातलं. फिर्यादीतून मुलगी निघून गेली. तिच्या जागेवर अंधार राहिला.

ठाण्यात मसुदा छापून आला. टेबलावरचा हवालदार सांगलीकडचा, नवा. त्याने वाचून दाखवलं, भरभर, जसं वाचतात तसं. सदर, इसम, पर्यवसान यातलं धुरपदाबाईला काही कळलं नाही. कळला तो एकच शब्द. वाचता वाचता हवालदार 'अंधाराचा' म्हणाला, आणि तिने तो आपल्या कानाने ऐकला: आंडेर. तिची मान हलली. आपल्या लेकीचं नाव निघालं, कागदावर आलं, आता सरकार तिला शोधेल. तिने अंगठा दिला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

दर बाजाराच्या दिवशी ती ठाण्यात यायची. दारात उभी राहून विचारायची, "मनी आंडेर सापडनी का, भाऊ?" हवालदार भला माणूस होता. तो तिला पाणी द्यायचा आणि म्हणायचा, तपास चालू आहे मावशी. तपास म्हणजे त्याच्या लेखी किरकोळ मारहाणीचा तपास, जावयाला एक नोटीस. चहाच्या टपरीवर तो म्हणायचा, म्हातारीच्या डोक्याला मार लागलाय बहुतेक, येते आणि अंधार सापडला का विचारते.

तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं ते दिपमालाने. ती एरंडोलची, बदली होऊन त्या ठाण्यात नुकतीच आलेली शिपाई. धुरपदाबाईने दारातून नेहमीचा प्रश्न विचारला, आणि दिपमाला हातातला डबा तसाच ठेवून उठली. मुलीला कोणी नेलं, केव्हा नेलं, हे तिने अहिराणीतच विचारलं. धुरपदाबाई तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मी बठ्ठं सांगं व्हतं."

सगळं सांगितलं होतं मी.

मग फोन फिरले. दोन दिवसांनी गुजरातेतल्या पोलिसांकडून कळलं की एका कापड कारखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत एका बाईचं प्रेत मिळालं आहे आणि ओळख पटलेली नाही. ओळख पटली. तिकडून आलेल्या कागदावर पहिल्यांदाच मुलीचं नाव आलं: मोहिनी. डॉक्टरांनी लिहिलं होतं की मृत्यू चार-पाच दिवसांपूर्वीचा. म्हणजे आईने अंगठा दिला तेव्हा ती जिवंत होती. आई पहिल्या बाजारी विचारायला आली तेव्हा जिवंत होती. दुसऱ्या बाजारीही.

जावई आणि त्याचा भाऊ धरले गेले. त्यांच्या वकिलाने टोलनाक्याची नोंद पुढे ठेवली. फिर्यादीत वेळ सायंकाळी सातची आहे. त्या संध्याकाळी यांची गाडी सीमेपलीकडे होती. मग हे त्या गावात आलेच कसे? आणि मुलीचा तर फिर्यादीत उल्लेखच नाही. ती आपणहून नवऱ्याकडे आली होती. दोघांना जामीन मिळाला.

मनन वर आला तो लॅपटॉप हातात घेऊन. त्याने आवाज चढवला नाही. हिलालच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याने जुना मसुदा उघडला. यंत्राने लिहिलेलं काळ्या अक्षरात होतं, माणसाने बदललेलं हिरव्या. सगळा मजकूर काळा आणि मध्ये एकच हिरवा तुकडा.

"नाना, वेळ मशीनने बरोबर घेतली होती," मनन म्हणाला. एवढंच.

तो खाली गेल्यावर हिलालने खिळ्यावरचा हेडफोन काढला. त्याच्यावर हरभऱ्याची धूळ होती. ती न पुसताच त्याने तो कानाला लावला.

बाईचा आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते. ती आंडेर म्हणत होती. सुरुवातीला, मध्ये, श्वास घेऊन परत. इतर शब्द रडण्यात बुडत होते, हा एक शब्द बुडत नव्हता. त्याने फीत मागे नेली, पुन्हा ऐकली. ऐकताना त्याला वाटत होतं की कोणत्याही क्षणी ती अंधार म्हणेल, एकदा तरी म्हणेल. ती म्हणत नव्हती. मागे कुठेतरी ठाण्याचा पंखा खडखडत होता आणि उन्हातून आलेल्या माणसासारखी ती मध्येच पाणी मागत होती.

"काय म्हणतेय ती, नाना?" नौशीनने विचारलं.

"मुलगी म्हणतेय," तो म्हणाला.

नंतर तो जिन्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने पुण्याला मुलीला फोन लावला. ती कामात होती. कशी आहेस, जेवलीस का, हे झालं. मग तो म्हणाला, "बेटा, आंडेर म्हणजे काय ठाऊक आहे का तुला?"

"कोणाचं आडनाव आहे का, पप्पा?"

तो हो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

चौकशीसाठी त्याला धुळ्याला बोलावलं. मनन गाडीने नेतो म्हणत होता, पण हिलाल एसटीने गेला. एरंडोलच्या पुढे मागच्या बाकावर दोन बाया बसल्या. एकीच्या आंडेरचं लगीन ठरलं होतं, दुसरीची आंडेर नर्सिंगला होती. पारोळ्यापर्यंत त्या तेच बोलत होत्या. इतकी वर्षं हा शब्द त्याच्या आजूबाजूला बाजारात, गाडीत, ठाण्याच्या ओट्यावर चालतच असला पाहिजे. त्याने तो ऐकून लगेच मुलगी करून टाकला होता, इतक्या झटकन की मूळ शब्द कानावर राहतच नसे. यंत्राने तरी तो ऐकला आणि ते गोंधळलं. हा गोंधळलाही नाही.

चौकशीचे साहेब तरुण होते, विदर्भाकडचे, बोलायला मऊ. त्यांनी हिलालला खुर्ची दिली, चहा मागवला. इतकी सेवा केलेल्या माणसाला त्रास व्हावा असं मला वाटत नाही, म्हणाले. समोर एक टिपण छापून ठेवलं होतं. त्यात म्हटलं होतं की फिर्यादी महिला घाबरलेली असल्याने तिचे उच्चार अस्पष्ट होते, तसेच वेळेबाबत तिच्या सांगण्यातच विसंगती होती. खाली हिलालच्या सहीची जागा.

हिलालने ते वाचलं. चांगलं लिहिलेलं होतं. त्याने लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

त्याने सांगितलं की उच्चार स्पष्ट आहेत, मी ऐकले आहेत. ती दुपारच म्हणते.

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी समजावलं. वेळ बदलली असं आलं की प्रश्न एका फिर्यादीपुरता राहत नाही. या यंत्रातून गेलेली प्रत्येक फिर्याद उद्या वकील उघडायला लावतील, सुटू नयेत ती माणसं सुटतील. बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण हिलालला एवढंच कळत होतं की वेळ बाईने चुकवली असं राहिलं, तर टोलनाक्याचा कागद आरोपींच्या कामी येतो आणि मोहिनी आपणहून गेली होती असं होतं. वेळ त्याने बदलली असं आलं, तरच ती दुपार परत येते.

"मला माझा खुलासा द्यायचा आहे," तो म्हणाला.

साहेबांनी नाइलाजाने टेबलावरचं यंत्र त्याच्याकडे सरकवलं. आता इथेही तेच होतं. हिलाल आयुष्यात पहिल्यांदा फिर्यादीच्या बाजूच्या खुर्चीत बसून बोलत होता. तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला: "वेळ मी बदलली. बाई दुपार म्हणाली होती. मी आवाज ऐकला नाही. मी आपल्या मनाने सायंकाळ लिहिलं."

पडद्यावर अक्षरं उमटली:

'तपासणीदरम्यान सदर फिर्यादीतील वेळेत अनवधानाने बदल झाल्याचे दिसून येते.'

हिलाल पडद्याकडे पाहत राहिला. त्याने पुन्हा म्हटलं, वेळ मी बदलली. पुन्हा तेच वाक्य आलं, फक्त 'अनवधानाने'च्या जागी 'नजरचुकीने' आलं. 'मी' कुठेच नव्हता. तीस वर्षं त्याने कोणाकोणाचे 'मी' असे पुसून दिले होते. काठीवाले, कुलूप न लावणारे, वेळेवर न पोहोचलेले. यंत्र ते विसरलं नव्हतं. ते आमच्यासारखं लिहितं.

"बरोबर तर आहे," साहेब म्हणाले, आणि खरोखरच त्यांना ते बरोबर वाटत होतं. कागद छापून आला.

हिलालने खिशातलं पेन काढलं. ते वाक्य आडव्या रेघेने खोडलं आणि वर आपल्या जुन्या, गोल अक्षरात लिहिलं: 'वेळ मी बदलली.' खाली सही केली.

साहेबांनी कागद उचलला, वाचला. खाडाखोड केलेला कागद चालत नाही हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणाले. तोही नियम हिलालनेच कितीतरी शिपायांना शिकवलेला होता. साहेबांनी कागदाची घडी घालून खणात ठेवली आणि यंत्राला दुसरी प्रत काढायला सांगितली. स्वच्छ प्रत आली. बदल झाल्याचे दिसून येते. ती त्यांनी सहीसाठी त्याच्यासमोर ठेवली, टिपणाच्या शेजारी.

"आधी ते बाईंचं उरकू," साहेब म्हणाले. "त्या बाहेर बसल्यात. तुम्ही त्यांच्या भाषेत जरा समजावून सांगा. पहिल्या वेळी घाबरून त्यांच्या तोंडून संध्याकाळ गेलं असेल, एवढं त्यांनी मानलं की सगळं सोपं होईल. तुमचं ऐकतील त्या. तुम्ही तिकडचेच ना?"

शिपाई धुरपदाबाईला आत घेऊन आला. ती हिलालला वाटली होती त्यापेक्षा ठेंगणी होती. कपाळावरची जखम भरून तिथली कातडी गुळगुळीत झाली होती. साहेबांनी तिला खुर्ची दाखवली, ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग साहेबांनी हिलालकडे हात करून सांगितलं की बाई, यांना तुमची बोली येते, हे काय म्हणतात ते ऐका.

तिने हिलालकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतके दिवस अनोळखी माणसांत फिरून एकदाचं गावाकडचं कोणी भेटावं, तसं काहीसं होतं.

"तुमी कोठला शेतस, भाऊ?"

हिलालच्या तोंडात शब्द होते. पिंपळनेरकडला शे, एवढंच म्हणायचं होतं. 'शे' म्हटल्यावर आता कोणी फेऱ्या मारायला लावणार नव्हतं. पण एकदा ती बोली तोंडात आली की पुढचंही त्याच बोलीत सांगावं लागणार होतं: तू दुपार म्हटलीच नव्हतीस, बाई, किंवा, ती दुपार मी पुसली. पहिलं त्याच्याने म्हणवणार नव्हतं. आणि दुसरं आईच्या भाषेत म्हणायला त्याच्याजवळ वाक्यच नव्हतं. असली वाक्यं तो नेहमी दुसऱ्या भाषेत लिहीत आला होता. यंत्राचा लहान दिवा लागलेला होता. खोलीत जे बोललं जाईल ते त्यात जाणार होतं, आणि बाहेर काय पडणार हेही त्याला ठाऊक होतं.

तो बोलत नाही असं पाहून धुरपदाबाई थोडी पुढे झुकली. माणूस परका वाटू नये म्हणून बायका गाडीत, बाजारात जे विचारतात, तेच तिने विचारलं.

"तुमले आंडेर शे का?"

साहेब हिलालकडे पाहू लागले, ती काय म्हणाली ते हा सांगेल म्हणून.

हिलालने पेनाचं टोपण लावलं. टेबलावरचे दोन्ही कागद, सहीची जागा कोरी असलेले, त्याने बाईच्या बाजूला सरकवले नाहीत की साहेबांच्याही. खुर्ची मागे घेतली, ती आवाज करू नये म्हणून हाताने उचलून धरली. मग तो उठला, दार उघडलं, आणि बाहेरच्या दुपारच्या उन्हात चालत गेला.